‘टाकणे’ या क्रियापदाचा कर्ता

गेल्या महिन्यात एका चर्चेला गेले होते. विषय होता बायबल आणि विवाहातली बांधिलकी. व्यासपीठावर दोघे. पहिल्यांनी मलाखीच्या पुस्तकातलं एक वचन वाचलं, देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे, आणि पुस्तक मिटून ठेवलं. आता पुढे बोलण्यासारखं काही उरलंच नाही, असा त्यांचा सूर होता. दुसऱ्यांनी विचारलं की अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या समाजाचे नियम आजच्या माणसाच्या सुखाच्या आड का यावेत, आणि प्रेम आटल्यावर वचन कशासाठी कवटाळून बसायचं. टाळ्या दोघांनाही मिळाल्या. मग शेवटच्या रांगेतून एक बाई उठल्या. हातातली पिशवी त्यांनी खुर्चीवर ठेवली, परत उचलली, आणि म्हणाल्या, “सहा वर्षं मार खाल्ला. मग मुलाला घेऊन निघाले. मला एवढंच विचारायचंय, वचन मी मोडलं का?” पहिल्यांनी त्यांना प्रार्थना करत राहायला सांगितलं. दुसऱ्यांनी असल्या वचनांचं ओझं मनावरून उतरवायला सांगितलं. बाई खाली बसल्या. प्रश्न होता तिथेच राहिला.

त्या प्रश्नाला बायबलमध्ये उत्तर आहे, आणि ते दोन्ही वक्त्यांच्या उत्तरांपेक्षा वेगळं आहे, असं माझं ठाम मत आहे. बायबल ज्याला विवाहातली बांधिलकी म्हणतं, ती एका छपराखाली टिकून राहण्यापुरती नाही. दिलेल्या शब्दाशी दगा न करणं, ही तिची कसोटी आहे. म्हणून घराचा उंबरा ओलांडणारी व्यक्ती करार मोडणारी असेलच असं नाही. करार कित्येकदा घरात बसूनच मोडलेला असतो. आणि त्याच कारणासाठी, मन भरलं म्हणून शब्द संपला असं म्हणायलाही बायबल मोकळीक देत नाही. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असं मानून आपण वर्षानुवर्षं भांडतो आहोत. त्या एकाच मुळातून येतात.

घोळाची सुरुवात आपल्या भाषेतच होते. मराठीत जुना करार, नवा करार म्हणतो, आणि भाडेकरार, खरेदीचा करारही म्हणतो. शब्द एकच, पण आतला माल अगदी वेगळा. भाडेकरारात दोन्ही बाजू आपापलं नुकसान टाळायला बसलेल्या असतात: तू चुकलास तर मी मोकळा. बायबलमधल्या कराराला हिब्रूत ‘बरीथ’ म्हणतात, आणि त्याची जात वेगळी. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात तो कसा होतो ते पाहा. अब्राहाम तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी आणि तीन वर्षांचा एडका आणतो, मधोमध चिरतो, अर्धी अर्धी अंगं समोरासमोर मांडतो. एक होला आणि एक पारव्याचं पिल्लू. ती मात्र चिरत नाही. मांसावर गिधाडं उतरतात, तो ती हाकलत बसतो. संध्याकाळ होते. अशा दोन ओळींमधून चालत जायचं आणि आपल्या चालण्यानेच म्हणायचं, की शब्द मोडला तर माझं या जनावरांसारखं होवो. हा त्या विधीचा अर्थ. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, चौतिसाव्या अध्यायात, तो उघडच सांगितला आहे. इथे चालतो कोण? अब्राहामाला गाढ झोप लागलेली आहे. त्या तुकड्यांमधून धुमसती शेगडी आणि जळती मशाल जाते, म्हणजे देव जातो. एकटा. बलवान पक्ष शाप स्वतःच्या अंगावर घेतो आणि दुबळ्याला चालायलाही लावत नाही.

बायबलमधला विवाह समजून घ्यायचा तर हे दृश्य डोळ्यांसमोर ठेवावं लागतं, कारण संदेष्टे विवाहाला हाच शब्द लावतात. यिर्मयाच्या त्या चौतिसाव्या अध्यायात शाप लागतो तो कुणाला, हेही बघण्यासारखं आहे. यरुशलेमच्या धनिकांनी गुलामांना मुक्त करण्याचा करार केला, वासराच्या दोन भागांमधून चालले, आणि नंतर त्याच गुलामांना परत धरून आणलं. कराराचा भंग म्हणजे ज्याच्या हातात ताकद आहे त्याने, ज्याच्या हातात नाही त्याला फसवणं. त्या गुलामांना यिर्मया एक शब्दही बोलत नाही.

आता मलाखीकडे येऊ, कारण पहिल्या वक्त्यांचा सगळा भार त्या एका वचनावर होता. दुसऱ्या अध्यायात दहाव्या ते सोळाव्या वचनापर्यंत एक हिब्रू क्रियापद पाच वेळा येतं: ‘बागद’, म्हणजे दगा देणं. वेदी आसवांनी भिजली आहे, अर्पणं स्वीकारली जात नाहीत, आणि लोक विचारतात, का? उत्तर येतं: तुझ्या तारुण्यातली पत्नी आणि तू यांच्यामध्ये परमेश्वर साक्षी होता, ती तुझी सोबतीण, तुझ्या कराराची पत्नी, आणि तू तिच्याशी दगा केलास. या उताऱ्यात झापलं जातंय ते पुरुषांना. ज्या बायकांनी उमेदीची वर्षं त्यांच्याबरोबर काढली, त्यांना दूर करून ते दुसरे संसार मांडत होते. सोळावं वचन मूळ हिब्रूत फार अवघड आहे. ‘मला तिटकारा आहे’ असं भाषांतर रूढ असलं, तरी तिथलं क्रियापद ‘तो द्वेष करतो’ असंही वाचता येतं, आणि काही आधुनिक भाषांतरांनी ‘जो पुरुष आपल्या पत्नीचा द्वेष करून तिला घालवून देतो’ असा अर्थ घेतला आहे. अर्थ कोणताही घ्या, वचन तिथे संपत नाही. पुढे म्हटलंय की असा माणूस आपलं वस्त्र जुलमाने झाकतो. पुस्तक मिटलं गेलं ते अर्ध्या वचनावर. उरलेल्या अर्ध्यात ‘जुलूम’ हा शब्द होता, आणि शेवटच्या रांगेतल्या बाई नेमकं त्याबद्दलच विचारत होत्या.

बायकांना दगा देणाऱ्या पुरुषांसाठी उच्चारलेला शब्द, मार खाऊन निघालेल्या बाईच्या तोंडावर फेकायचा, याला शास्त्राशी निष्ठा म्हणायचं का?

मराठी बायबलमध्ये मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचे लोक, येशूला विचारतात: कोणत्याही कारणावरून बायको टाकणे सशास्त्र आहे काय? ‘टाकणे’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. भाषांतरकारांनी तो निवडला तेव्हा घराघरांतली बोली त्यांच्या कानात असणार. ‘नवऱ्याने टाकलेली’ असं आपण सर्रास म्हणतो. ‘बायकोने टाकलेला’ हे जिभेवर सहज येत नाही. या क्रियापदाचा कर्ता आपल्या भाषेने ठरवूनच टाकला आहे, आणि पहिल्या शतकातल्या यहूदी समाजातही तो तसाच ठरलेला होता. सूटपत्र, म्हणजे घटस्फोटाचा कागद, द्यायचा तो नवऱ्याने. वाद एवढाच होता, की कशाकशासाठी द्यायचा. मिश्ना हा यहूदी धर्मनियमांचा ग्रंथ इसवी सन 200 च्या सुमाराचा. त्यात गिट्टीन नावाच्या प्रकरणाच्या शेवटी हा वाद नोंदवलेला आहे. शम्मायचा पंथ म्हणतो, फक्त लज्जास्पद वर्तन सापडलं तरच. हिल्लेलचा पंथ म्हणतो, तिने जेवण करपवलं तरी चालेल. रब्बी अकिबा आणखी पुढे जातात: दुसरी तिच्यापेक्षा देखणी सापडली तरी. यहूदी इतिहासकार योसेफस पहिल्या शतकातलाच. आपल्या आत्मचरित्रात त्याने लिहून ठेवलंय की बायकोचं वागणं पसंत नव्हतं म्हणून तिला सोडलं. तिच्यापासून त्याला तीन मुलं झाली होती. एका वाक्यात आटोपलं. त्याच्या लेखी त्यात खुलासा करण्यासारखं काही नव्हतंच.

या पार्श्वभूमीवर येशूचं उत्तर ऐका. तो हिल्लेल-शम्मायच्या यादीत शिरतच नाही. थेट उत्पत्तीला जातो: पुरुष आईबापास सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील, ती दोघे एकदेह होतील, देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये. मग मोशेने सूटपत्राची आज्ञा का दिली? “तुमच्या अंतःकरणाच्या कठीणपणामुळे.” तुमच्या, म्हणजे विचारणाऱ्या पुरुषांच्या. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायातला मोशेचा तो नियम वाचला, तर तो बायको टाकायला सांगत नाही. टाकण्याची रीत आधीपासून चालत आलेली आहे, तिला तो कुंपण घालतो. टाकायची तर कागद द्या, म्हणजे ती दुसरा संसार करू शकेल. आणि तिने दुसरं लग्न केल्यावर पुन्हा तिच्यावर हक्क सांगायला येऊ नका. मार्काच्या शुभवर्तमानातलं येशूचं वाक्य तर त्या काळी कानाला बोचलंच असणार: जो आपल्या पत्नीला टाकून दुसरी करतो, तो तिच्याविरुद्ध व्यभिचार करतो. तोवर विवाहित पुरुषाचा व्यभिचार हा दुसऱ्या पुरुषाविरुद्धचा, म्हणजे परस्त्रीच्या नवऱ्याविरुद्धचा गुन्हा होता. स्वतःच्या बायकोविरुद्धही तो गुन्हा ठरतो, हे इथे म्हटलं गेलं. ज्याच्या हातात सूटपत्राची लेखणी, त्याच्यावरच हे वाक्य येऊन आदळतं. शिष्यांची प्रतिक्रिया मत्तयाने लपवलेली नाही: असं असेल तर लग्न न केलेलंच बरं. आपली सोय गेली, हे त्यांना लगेच कळलं होतं.

इथे कडक वाचन करणाऱ्यांचा मुद्दा मला टाळता येणार नाही, आणि टाळायचाही नाही. मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत येशूच्या तोंडी एकही अपवाद नाही. मत्तयात आहे तोही एकच. ‘त्याचा रोख पुरुषांवर होता’ असं म्हणत म्हणत आपण त्याचं सगळं बोलणंच बोथट करत नाही ना? शिवाय अपवादाला एकदा दार उघडलं की ते रुंदावतच जातं, हाही अनुभव आहे. आज मारहाण, उद्या शिवीगाळ, परवा अबोला, आणि तेरवा ‘आमचं जमत नाही’. हे भय खोटं नाही. ‘छळ’ हा शब्द आपला कंटाळा झाकायला वापरणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी खऱ्या छळाच्या साक्षीचंही मोल कमी केलं.

पण अपवाद रुंदावतात म्हणून ते नाहीतच असं बायबल म्हणत नाही, तर आपण कसं म्हणणार? निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात दासी म्हणून आणलेल्या पत्नीबद्दल नियम आहे: नवऱ्याने दुसरी केली तरी पहिलीचं अन्न, वस्त्र आणि पत्नी म्हणून असलेला हक्क यांत काटछाट करायची नाही, केली तर ती दाम न देता मोकळी. रब्बींनी यावरून साधा तर्क लढवला, की दासीला जर हा हक्क आहे, तर स्वतंत्र स्त्रीला कसा नसेल? विवाह म्हणजे काय काय देणं लागतो, याची त्यांची मांडणी या वचनावर उभी आहे. यात सुखाचं माप लावलेलं नाही. जीव जगवणं आणि अंगाचा मान राखणं, एवढं मोजलेलं आहे. कंटाळा या कसोटीवर टिकत नाही. उपासमार टिकते, आणि जो हात भाकरी द्यायला बांधलेला आहे तोच हात उगारला जाणं तर नक्कीच टिकतं. प्रेषित पौलाचंही पाहा. करिंथकरांना तो आधी म्हणतो, पत्नीने पतीपासून वेगळं होऊ नये. लगेच पुढच्या वचनात: आणि झालीच, तर तिने तसंच राहावं किंवा समेट करावा. म्हणजे ती वेगळी होऊ शकते हे त्याने धरलेलं आहे, आणि तिला तो मंडळीबाहेर, म्हणजे चर्चबाहेर, घालवत नाही. विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून गेला तर बंधन नाही, कारण देवाने आपल्याला शांतीसाठी बोलावलं आहे, हेही त्याच अध्यायात.

बाहेर पडणं वेगळं आणि पुन्हा लग्न करणं वेगळं, हा फरक जुन्या मंडळीला नीट कळत होता. आपणच तो पुसून टाकला. जेरोमसारखा कडक माणूस क्वचित. बायबल लॅटिनमध्ये आणणारा, संन्यासाची महती गाणारा. फाबिओला नावाच्या रोमन स्त्रीच्या मृत्यूनंतर, साधारण इसवी सन 400 च्या सुमारास, त्याने तिच्यावर एक पत्र लिहिलं. तिने दुराचारी नवऱ्याला सोडलं होतं, दुसरं लग्न केलं होतं, आणि पुढे त्यासाठी चारचौघांत प्रायश्चित्त घेतलं होतं. जेरोम दुसऱ्या लग्नाला चूकच म्हणतो. पण नवऱ्याला सोडण्याबद्दल तो तिची बाजू घेतो, आणि वर बजावतो की रोमच्या कायद्यात पुरुषाला जी सूट आहे ती आमच्यात नाही. जे स्त्रीला वर्ज्य ते पुरुषालाही वर्ज्य. दुसऱ्या लग्नाबाबत मी जेरोमशी सहमत नाही. तरी सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या विरक्ताला जे दिसलं, ते आजच्या व्यासपीठावर दिसू नये, याचं वाईट वाटतं. कॅथोलिक मंडळी विवाह अभेद्य मानते, पण तिची 1983 ची धर्मसंहिता गंभीर धोका असताना वेगळं राहण्याचा हक्क देते, आणि पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये लिहिलं की काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरतं.

आता दुसऱ्या वक्त्यांकडे वळते. त्यांच्या आक्षेपांतले बरेचसे खरे आहेत. निर्गमातल्या दहाव्या आज्ञेत शेजाऱ्याची बायको त्याच्या घराबरोबर, बैल-गाढवांबरोबर एका यादीत बसते. याकोबाला दोन बायका आणि दोन दासी. शलमोनाला सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी. अब्राहामाने जीव वाचवायला आपल्या बायकोला, साराला, बहीण म्हणून दोनदा परक्या राजाच्या घरी जाऊ दिलं. एज्राच्या दहाव्या अध्यायात तर विजातीय बायकांना मुलाबाळांसकट घालवून देण्यासाठी लोक देवाशी करार करतात. करार! मलाखी ज्या शब्दाने बायकोचं रक्षण करतो, तोच शब्द तिथे तिला बाहेर काढायला वापरला आहे. हा अध्याय मला कधीही सुखाने वाचता आलेला नाही, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. होशेयाच्या दुसऱ्या अध्यायातल्या, बायकोला उघडी पाडण्याच्या धमक्याही तशाच.

पण बायबल आपल्या माणसांची चाल नोंदवतं तेव्हा ती आपल्यापुढे आदर्श म्हणून ठेवतंच असं नाही. दावीद राजाने आपल्या सैनिकाची, उरियाची, बायको घेतली, उरियाला मारवलं. मग नाथान संदेष्टा येतो आणि एक गोष्ट सांगतो. एका गरिबाकडे एकच कोकरी होती, ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्या प्याल्यातलं प्यायची, त्याच्या उराशी झोपायची. श्रीमंताने स्वतःचे कळप सोडून तीच कापली. राजाला शिक्षा फर्मावताना नाथानाने कायद्याचं कलम काढलं नाही. त्या घरातली जवळीक दाखवली. आणि याच ग्रंथातलं गीतरत्न म्हणतं की प्रीती मृत्यूसारखी प्रबळ आहे, महापूर तिला विझवू शकत नाहीत. पौल लिहितो की नवऱ्याच्या शरीरावर नवऱ्याचा अधिकार नाही, बायकोचा आहे. पहिल्या शतकात हे वाक्य लिहिलं गेलं, याचं आश्चर्य वाटायला हवं. इफिसकरांच्या पत्रात बायकांना ‘अधीन असा’ म्हटलेलं सगळ्यांना पाठ असतं. त्याच्या आधीचं ‘एकमेकांच्या अधीन असा’ आणि त्याच्या नंतरचं ‘ख्रिस्ताने स्वतःला दिलं तसं, पतींनो, तुम्ही द्या’ हे तितक्या जणांच्या तोंडी नसतं. धुमसती शेगडी पुन्हा तीच: ज्याच्याकडे ताकद आहे, तो तुकड्यांमधून चालतो.

राहतो प्रेम आटल्यावर काय, हा प्रश्न. याचा सर्वांत चांगला वकील इंग्रज कवी जॉन मिल्टन. 1642 मध्ये तेहतीस वर्षांच्या मिल्टनने सतरा वर्षांच्या मेरी पॉवेलशी लग्न केलं. काही आठवड्यांत ती माहेरी गेली आणि परतली नाही. पुढच्याच वर्षी त्याने घटस्फोटाच्या बाजूने पुस्तिका छापली. त्याचा आधार उत्पत्तीच होता: मनुष्य एकटा असावा हे बरे नाही, असं देव म्हणाला, म्हणजे विवाह एकाकीपणावरचा उपाय आहे, जिथे मनं जुळत नाहीत तिथे एकाकीपणा दुप्पट होतो, तिथे विवाह उरलेलाच नसतो. युक्तिवाद हलवून टाकणारा आहे. प्रेमहीन घरात राहिलेल्या कुणालाही तो आपला वाटेल. मला खटकतं ते एवढंच, की त्या पुस्तिकेत मेरीचा आवाज नाही. एकाच्या मनाला जे वाटलं तो दोघांचा निकाल ठरला. हिल्लेलच्या ‘कोणत्याही कारणावरून’पासून हे फार दूर नाही, करपलेल्या जेवणाच्या जागी विझलेलं मन आलं. मेरी 1645 मध्ये परत आली, 1652 मध्ये मरेपर्यंत त्याच्याबरोबर राहिली, त्यांना मुलं झाली. त्यावरून त्यांचं सुखाचं झालं असं मी म्हणणार नाही. तिला काय वाटत होतं, हे आपल्यापर्यंत पोचलेलंच नाही.

भावना असेपर्यंतच जो शब्द टिकतो, तो शब्द देण्याची गरजच काय? भावना आहे तोवर माणूस आपोआपच जवळ राहतो. वचन लागतं ते ती नसते त्या दिवसांसाठी. हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या लग्नाच्या सातव्या वर्षी चार महिने आम्ही एकमेकांशी मुलीच्या शाळेपलीकडे बोललो नाही. भांडण मोठं नव्हतं. छोट्या छोट्या गोष्टी साचत गेल्या आणि मग कोणाला सुरुवात करायची हेच कळेना. त्या चार महिन्यांत दर सोमवारी सकाळी मी गाडी काढायला जायचे तेव्हा चाकांत हवा भरलेली असायची. तो आधी उठून भरून ठेवायचा. कधी बोलला नाही, मीही विचारलं नाही. प्रेम वाटत होतं का त्याला तेव्हा? नंतर विचारलं, तर म्हणाला, नव्हतं वाटत, पण चाक पंक्चर होऊन तू रस्त्यात अडकावीस असंही वाटत नव्हतं. हिब्रूत ‘हेसेद’ असा शब्द आहे, दया आणि निष्ठा दोन्ही एकत्र असलेला. मला त्याचा अर्थ त्या चाकांपाशी कळला. होशेयाच्या तिसऱ्या अध्यायात तो संदेष्टा आपल्या व्यभिचारी बायकोला, गोमेरला, परत घेतो ते पंधरा शेकेल रुपे आणि दीड होमर (धान्याचं माप) जव मोजून. अर्धी किंमत धान्यात. रोख पुरी पडली नसावी, असं मला नेहमी वाटतं. त्या अध्यायातली निष्ठा मला खरी वाटते ती त्या धान्याच्या पोत्यामुळे.

पण माझी चार महिन्यांची गोष्ट त्या बाईंपुढे ठेवणं हा अन्याय होईल, हेही मला तितकंच कळतं. माझ्या नवऱ्याने हवा भरली. तिच्या नवऱ्याने हात उगारला. दोन्हींना ‘कठीण काळ’ हे एकच नाव देऊन ‘टिकून राहा’ हा एकच सल्ला द्यायचा, इथेच आपली सगळी चर्चा नासते. अमेरिकेतल्या लुईझियाना राज्याने 1997 मध्ये ‘कराराचा विवाह’ असा वेगळा कायदा केला, घटस्फोट सहज होऊ नये म्हणून. त्यामागे श्रद्धावान लोकांचाच जोर होता. त्या कडक कायद्यातही जोडीदाराला किंवा मुलाला झालेली मारहाण आणि लैंगिक अत्याचार ही मोकळं होण्याची कारणं म्हणून लिहिलेली आहेत. कायदा लिहिणाऱ्यांना जे लिहावंच लागलं, ते उपदेश करणाऱ्यांना बोलता येऊ नये?

हागारेची गोष्ट मात्र मला अजून सलते, आणि कडक बाजूचे लोक ती काढतातच. सारा छळते म्हणून तिची गर्भार दासी हागार रानात पळते, तर देवदूत तिला म्हणतो, परत जा. हे वचन मी गिळू शकत नाही आणि पुसूही शकत नाही. पण त्याच रानात ती देवाला नाव देते, ‘मला पाहणारा देव’. उत्पत्तीत देवाला आपण होऊन नाव देणारी ती आहे. आणि ती दासी आहे, परदेशी आहे, पळालेली आहे. पाच अध्यायांनंतर अब्राहाम तिला भाकरी आणि पाण्याची मसक देऊन घालवून देतो. पाणी संपतं, ती पोराला झुडपाखाली टाकून बाणाच्या टप्प्याएवढी दूर जाऊन बसते, कारण त्याचं मरण तिला बघवत नाही. या वेळी तिला कुणी परत जायला सांगत नाही. तिचे डोळे उघडतात आणि समोर विहीर असते.

चर्चा संपल्यावर त्या बाईंना मी जिन्यात गाठलं. म्हटलं, ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही, आपण एकदा ते वचन पुरं वाचू या का? जिन्यावर बसूनच मलाखी काढला. त्यांनी स्वतः वाचायला सुरुवात केली, ओळीखालून बोट फिरवत, मोठ्याने. चौदाव्या वचनावर थांबल्या. “ती तुझी सोबतीण,” त्यांनी पुन्हा वाचलं, आणि माझ्याकडे बघून विचारलं, “यातली ‘ती’ म्हणजे मी ना?”

हो म्हटलं.

“मग ‘तू’ हा मला नाही म्हटलेला.” बोट अजून त्याच ओळीवर होतं.